अंगठ्याखालचे दोन दाणे

मी एक जुना पाय आहे. अख्खा नव्हे; घोट्यापासून खाली, उजवा, आणि तोही नुसत्या हाडांचा. हाडं खरी नाहीत, पिवळट प्लास्टिकची आहेत, तारेत ओवलेली. पायांचे डॉक्टर घडवणाऱ्या एका शाळेत माझं आयुष्य गेलं. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर, उसाच्या गावात. शाळेचं नाव मी सांगत नाही. तिने स्वतःच ते इतक्यांदा बदललंय, की कुठलं सांगू हाही प्रश्नच आहे.

मित्रांनो, माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला. इलोंका नावाची हंगेरियन बाई तिथे हाडं ओवायची. बाकी सगळी झाली, की ती अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने, वाटाण्याएवढे दोन दाणे चिकटवायची. तीही हाडंच. शेजारची एकदा तिला म्हणाली, "एवढ्याशा दाण्यांसाठी एवढा वेळ? कोण बघतंय खालून?" इलोंका म्हणाली, "चालणारा शेवटचा रेटा देतो तो ह्यांच्यावर. हे चुकले, तर वरचा सगळा माणूस चुकला, बाई."

शाळेत याहून शहाणं रोज कानावर पडेल, अशा आशेने मी खोक्यात बसलो.

सुरुवातीला पडलंही. हेटी नावाची शिक्षिका होती. पहिल्याच तासाला ती सांगायची, बूट काढा. कुणाचा मोजा फाटका निघायचा, कुणाच्या नखांवर जांभळा रंग. पोरं लाजायची. मग हेटी आपले बूट आधी काढायची. "माझे बघा, भाजलेल्या रताळ्यासारखे आहेत. मी लाजते का?" एका हातात मी, दुसऱ्या हातात शेजाऱ्याचा पाय, असा तो तास चाले. माझ्यावर बघायचं, त्याच्या पायावर दाबून शोधायचं. हातांच्या तेलाने मी काळवंडलो. कौतुक म्हणतात ते माझ्या वाट्याला तेवढंच आलं, आणि ते पुरेसं होतं.

हेटी निवृत्त झाली आणि मॉरीन शाळेची प्रमुख झाली. मॉरीन पायांबद्दल कधी बोलत नसे, ती 'दिशे'बद्दल बोले. काचेची दारं आली, कॉफीचं यंत्र आलं. शाळेच्याच दवाखान्यातल्या खुर्च्या मात्र वर उचलल्या जाईनात, म्हणून पोरं फरशीवर गुडघे टेकून लोकांची नखं कापत. वेळापत्रक सोमवारी बदले आणि बुधवारी परत फिरे. पोरं कुलूप लावलेल्या दारासमोर उभी, आणि शिक्षक दुसऱ्या इमारतीत चहा पीत त्यांच्या नावाने खडे फोडतोय, हे तर नेहमीचंच. काही विचारायला दवाखान्यात जावं, तर दवाखाना म्हणे ऑफिसात विचारा. ऑफिस म्हणे ईमेल करा. आणि ईमेलला उत्तर येई, दवाखान्यात विचारा. माझ्यात हाडाला हाड तारेने जोडलेलं आहे. त्या शाळेत कुणाला कशाने जोडलं होतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि मग आला डेस. शरीररचना शिकवायचा. शिकवायचा म्हणजे वर्गाकडे पाठ करून स्लाइड वाचायचा. नवीन विद्यार्थी शाळा बघायला येतात त्या दिवशी वारा फार होता, तर या माणसाने काचेचं दार उघडं राहावं म्हणून मला त्याच्या खाली सारलं. होय, मला. दाराला टेकू म्हणून. वाऱ्याने दार माझ्यावर आदळलं आणि माझे दोन्ही दाणे निखळून फरशीवर गडगडले.

डेसने ते उचलले. मला उलटं केलं, जरा शीळ घातली, आणि कपाचा कान चिकटवायला आणलेल्या गोंदाने दोन्ही दाणे चिकटवून टाकले. दुसऱ्या बोटाखाली. एकदाही पुस्तक उघडलं नाही, एकदाही स्वतःच्या पायाला हात लावला नाही. वर माझा फोटो काढला आणि स्लाइडवर घातला. तेव्हापासून त्या गोंदाची, त्या शिळेची आणि त्या फोटोची मला जी किळस आहे, ती अजून गेलेली नाही.

पुढे पोरांच्या तुकड्यांच्या तुकड्या आल्या, तेच पाठ करून गेल्या आणि लोकांच्या पायांना हात लावू लागल्या.

मग लोसाना आली. फिजीहून इकडे आलेल्या घरातली. तिच्या इथल्या गावच्या दवाखान्यात पायांचं बघणारं कुणीच नव्हतं. साखरेच्या आजारापायी तिच्या मामाची पायाची दोन बोटं गेली होती. त्या दवाखान्याने तिच्यासाठी नोकरीची जागा राखली होती, पण या एका वर्षापुरती. नापास झाली, तर जागा दुसऱ्या कुणाची.

उकाड्याने ती चपलेतच वर्गात येई. डेस स्लाइड वाचत होता, तेव्हा तिने पाय मांडीवर घेतला, अंगठा वर ओढला आणि तळव्याला दाबून पाहिलं.

"डेस, हे दाणे अंगठ्याखाली हवेत ना?"

"काही लोकांत दुसऱ्या बोटाखालीही असतात," डेस वळूनही न बघता म्हणाला.

"काही लोकांत. मग बाकीच्यांचा पाय कोण शिकवणार?"

वर्ग हसला. डेसने पुढची स्लाइड लावली.

परीक्षेत माझ्या त्या दोन दाण्यांना लाल झेंडी टोचली होती. प्रश्न होता, पावलात यांची जागा कुठे. तिच्या शेजारी बसणारा कोरी आदल्याच दिवशी म्हणाला होता, "डेसला हवं ते लिही बाई. पास हो, मग काय पाय बघायचेत ते बघ."

"आणि मामा आला, तर त्याला डेसचा पाय दाखवू?"

तिने 'अंगठ्याखाली' असं लिहिलं. त्या एकाच उत्तराचे गुण कमी पडले आणि ती नापास झाली.

तिने तक्रार केली. दवाखाना, ऑफिस, ईमेल अशी फेरी पूर्ण झाल्यावर ती मॉरीनच्या खोलीत पोचली. साक्षीदार म्हणून मला टेबलावर मांडलं होतं.

मॉरीन म्हणाली, "हा शरीररचनेचा विषय आहे. डेसने बघावं."

डेस म्हणाला, "मी काय बघू? पाय सामानाच्या स्टोअरचा आहे."

"स्टोअर डेसकडे बोट दाखवतं," लोसाना म्हणाली. "मी बोटं मोजून दमले. डेस, तुम्ही पायाच्या बाहेरच्या कडेवर का चालता?"

"काय संबंध?"

"उजव्या बुटाची टाच एकाच बाजूने झिजलीये. अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय ना?"

डेस मॉरीनकडे बघू लागला. मॉरीन घड्याळाकडे.

"बूट काढा की. पायांचीच शाळा आहे."

कुरकुरत त्याने बूट काढला. मोज्याच्या वासाबद्दल मी गप्पच बसतो. बुटात एक जाड मऊ गादी होती. दुखऱ्या जागेवर भार पडू नये म्हणून तिला भोक पाडलेलं. भोक होतं दुसऱ्या बोटाखाली. माझ्यावरून, स्वतःच्याच स्लाइडवरून मापलेलं. दुखरे दाणे बिचारे शेजारी गादीवर जोरात दाबले जात होते.

लोसानाने त्याचा अंगठा वर ओढला आणि मुळाशी बोट टेकवलं. डेस खुर्चीतून अर्धा उठला.

"इथेच?"

"हं," डेस म्हणाला. दात आवळून.

मित्रांनो, तेव्हा मला वाटलं, झालं. आता गोंद खरवडतील आणि माझे दाणे घरी येतील.

मॉरीनने निर्णय दिला. तो प्रश्न रद्द, सगळ्यांना त्याचे गुण फुकट, लोसाना पास. लोसानाने नखाने माझा गोंद खरवडायला घेतला, तर मॉरीन म्हणाली, "शाळेची वस्तू आहे, हात लावू नकोस. बदल समितीपुढे जाईल." समिती अजून बसायची आहे. तोवर माझ्या तळव्याला एक चिठ्ठी डकवली आहे: 'विशेष प्रकारचा पाय'.

लोसाना आपल्या गावी गेली. मामासकट अख्खी गल्ली तिच्यासमोर पाय पसरून बसते, असं कोरी कॉफीच्या यंत्रापाशी सांगत होता.

डेसने नवी गादी कापली. भोक बरोबर अंगठ्याखाली. आता तो ताठ चालतो, चालताना शीळही घालतो. तसाच ताठ चालत तो वर्गात येतो, पाठ फिरवतो आणि तीच जुनी स्लाइड लावतो.

मी काचेच्या कपाटात आहे, दाराशेजारी. येणारेजाणारे माझ्यासोबत फोटो काढतात.

माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. उजवा बूट काढा. अंगठा वर ओढून धरा आणि त्याच्या मुळाशी तळव्याला दाबा. दोन दाणे लागतील. लागले? मग शिकवणाऱ्यालाही तेवढंच करायला सांगा. तो बूट काढायला तयार नसेल, तर त्याच्या स्लाइडवरचं वहीत उतरवून घेऊ नका.