दोन्ही गुडघे

नॅबलाने गरम बटाटे कुस्करून त्यात लोण्याचा गोळा सोडला आणि खिडकीतून डोकावून पाहिलं. आईची शाल कुंपणावर नीट पसरलेली होती. आज संत ब्रिजिदच्या सणाची आदली रात्र; संत वाटेने जाता जाता त्या शालीला हात लावणार. मग वर्षभर ती शाल डोक्याला गुंडाळली की डोकेदुखी पळते.

याच शालीवरून नॅबलाचं आणि धाकट्या सॉरकाचं वाजलं होतं. आई गेल्यापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"राजाने विचारलं, मठाला जमीन किती हवी?" शेकोटीपाशी बसलेल्या नवऱ्याने, कॉनलने, दरवर्षीची गोष्ट सुरू केली. "ब्रिजिद म्हणाली, माझ्या शालीखाली मावेल तेवढी. राजा हसला. आणि शाल जी पसरत गेली, जी पसरत गेली..."

"राजाचं तोंड उघडंच. माहीत आहे मला."

"आणि इथे एक शाल दोन बहिणींना पुरेना!"

"तू गप बस. गुडघे टेक, रोशीन येईल आता."

मुलगी रोशीन सणाचे क्रूस विणायला लागणाऱ्या लव्हाळ्यांचा भारा घेऊन मघाशीच बाहेर गेली होती. घरच्या मुलीने ब्रिजिद होऊन बाहेरून तीनदा हाक द्यायची, आतल्यांनी तीनदा ओ द्यायची, मगच दार उघडायचं, अशी रीत.

दारावर थाप पडली. वाऱ्यात आवाज नीट कळत नव्हता.

"गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिदला आत घ्या!"

"येऊ दे, घर तिचंच आहे!" नॅबला खणखणीत ओरडली.

दुसऱ्यांदा हाक आली. दुसऱ्यांदा ओ गेली.

"गुडघे टेका," तिसरी हाक आली. "दोन्ही टेक गं, नॅबला!"

लहानपणापासून नॅबला लबाडीने एकच गुडघा टेकायची. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तिने कॉनलकडे पाहिलं, तर तो छताकडे बघत होता. बटाट्यांची वाफ विरत चालली होती.

तिने दुसराही गुडघा जमिनीला टेकवला.

"येऊ दे," ती म्हणाली. "घर तिचंच आहे."

कॉनलने लगबगीने दार उघडलं. लव्हाळ्यांचा भारा पोटाशी धरून सॉरका उभी होती. तिच्या मागे रोशीन हसू दाबत होती.

"शाल मागायला नाही आले हं मी," सॉरका म्हणाली.

"ती किती पसरते ते सकाळी बघू," नॅबला म्हणाली. "आधी मला हात दे. दोन्ही टेकले की उठवत नाही मला."