शिंगराची आई

"टीव्ही काढू नकोस. पिक्चर संपला नाही अजून," ताई म्हणाली.

पडद्यावर साबणाची जाहिरात लागली होती. धाकटा भाऊ बाळ्या वायर हातात धरून उभा राहिला. बाकीचं सामान टेम्पोत चढलं होतं. लोकांचे कपडे शिवता शिवता डोळे आणि गुडघे दोन्ही कामातून गेले, तेव्हा कुठे ताई त्याच्याकडे राहायला तयार झाली होती. नाहीतर आयुष्यभर एकच हेका: आई या घरातून निघून गेली, परत येईल तीही याच घरी. आणि येणार म्हणजे येणारच. लहानपणी गल्लीतल्या थिएटरात बघितलेल्या याच पिक्चरमध्ये शेवटी शिंगराची आई नव्हती का आली?

पण आज टीव्हीवर ते शिंगरू टेकडीवर एकटंच उभं राहिलं आणि शेवटची नावं सुरू झाली.

"घोडी परत येते ना रे? नदीत दोघं पाणी उडवतात?"

"उडवतात की. मीही दर सुट्टीत तेच बघितलंय." बाळ्यानं डोकं खाजवलं. "पण ते आज सुरुवातीलाच झालं. तू चहा टाकत होतीस."

दोघं उठली. मग तडक गल्लीच्या टोकाला, थिएटरात पिक्चर लावायचे त्या ऑपरेटरकाकांकडे. थिएटर कधीच बंद पडलं होतं. काका त्याच्याच वरच्या खोलीत अजून तग धरून होते.

"त्याचं काय झालं," काका खुशीत आले, "रिळांच्या डब्यांवरचे आकडे पुसलेले. मी आपला अंदाजानं पहिला डबा शेवटी लावला. लोक डोळे पुसत, हसत बाहेर पडले. पुढं कंपनीचा माणूस येऊन बोंबलला, म्हणून एक खेळ बरोबर लावला. पब्लिकनं खुर्च्या मोडल्या! मग पुन्हा आपलं चुकीचंच."

"आणि शेवटची नावं मग मधेच यायची, ती?" बाळ्यानं विचारलं.

"लेन्सपुढं हात धरायचो."

बाळ्या हसता हसता थांबला. ताई हसत नव्हती.

"म्हणजे भेट आधीच होऊन गेलेली," ती म्हणाली. "आणि मी पुढं बघत बसले."

काका गडबडले. "अगं, तुझी आई आली होती की त्या पिक्चरला. तुला मांडीवर घेऊन. पडद्याकडे कमी, तुझ्याकडेच जास्त बघत होती."

"खरं का हो काका? की ही पण तुमची थाप?" बाळ्यानं विचारलं. "मला तर आई म्हटलं की ती घोडीच दिसते."

काका खिडकीबाहेर बघू लागले. ताईनं मांडी आठवून बघितली. आठवली, पण आत्ता काकांनी सांगितलं म्हणून आठवली, की आधीपासून मनात होतीच, ते काही कळेना.

घरी येऊन बाळ्यानं टीव्ही टेम्पोत चढवला, तिनं दाराला कुलूप लावलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"ताई, चल गं."

"आले रे, जीव खाऊ नकोस."

पिशवीतून शिंपीकामाचा खडू काढून तिनं दारावर बाळ्याचा पत्ता लिहायला घेतला. निम्म्यावर हात थांबला. आईला वाचता येत होतं का? तिला आठवेना. बाळ्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

तिनं लिहिलेलं पदरानं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली, मोठ्या, सुट्या अक्षरांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणालाही आईला वाचून दाखवता येईल असं.