पहिला शेंडा

मनुबाईने वेलाचा शेंडा नखात धरला, तेवढ्यात शेतकी ऑफिसातून आलेले साहेब म्हणाले, "आजी, थांबा. खुडू नका."

टिटवाळ्याजवळ काळू नदीच्या काठी तिची भोपळ्याची वाडी होती. शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात पानांवर पिवळे चट्टे पडून ती आकसली. भोपळे धरले तेही गाठीगाठींचे. कल्याणच्या बाजारात व्यापाऱ्याने त्यांना हातसुद्धा लावला नाही.

"हा विषाणू. याला औषध नाही," साहेब म्हणाले. "वेल उपटून जाळा. मावा नावाची कीड तो पसरवते, तशी आपली नखंही पसरवतात. रोगट वेल खुडून त्याच हातानं चांगला खुडला, की संपलं."

"नखानं?"

"नखानं."

साहेब गेले, तरी मनुबाई बांधावरच बसून राहिली. तिच्या हाताला गुण आहे असं सारा गाव मानायचा. कुणाचेही वेल हातभर झाले की फुटवे यावेत म्हणून पहिला शेंडा खुडायचा मान तिचा. शेजारच्या वाडीतल्या गोदूबाईचे वेलही तिनेच खुडले होते, घरचे खुडून तशीच गेली होती. तेव्हाच घरच्या दोन वेलांची पानं पिवळट होती, पण ऊन लागलं असेल म्हणून तिने सोडून दिलं.

पुढे गोदूबाईचे वेल आखडले आणि आळ आला विधवा मालूवर. ती त्या वाडीतून पाण्याला जायची, एवढाच तिचा गुन्हा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. गोदूबाईने तिची वाट बंद केली, तेव्हा मनुबाईनेही मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याची तिला आता लाज वाटली.

संध्याकाळी गोदूबाई आली.

"काकी, दुसरे लावलेले वेल हातभर झालेत. उद्या खुडायला ये."

"नाय यायची. तुजे वेल माज्या हातानं गेले. मालूला वाट दे."

"तुज्या हातानं?" गोदूबाई हसली. "तुलाबी तिनंच कायतरी केलंय बघ."

अंधार पडायच्या आत मनुबाईने आपले सगळे वेल उपटून पेटवले.

सकाळी गोदूबाई नव्या वेलांपाशी वाट बघत होती. मनुबाई आली. डोक्यावर मालूचा हंडा, मागे मालू. वेलांमधून जाताना एकाही वेलाला हात लागू नये म्हणून मनुबाईने दोन्ही हातांनी हंडा घट्ट धरला होता.

गोदूबाई तिच्या हातांकडे बघत राहिली आणि वाटेतून बाजूला झाली.