केदारीच्या गळ्यातली घंटी

मित्रांनो, हुबळीकडच्या केलगेरी गावातल्या एका गोठ्यात खुंटीला लटकलेली जुनी पितळी घंटी म्हणजे मी. अंगावर हिरवट डाग चढले आहेत, पण आवाज अजून चांगला आहे. तो कुणाला नको आहे, एवढेच.

जुन्या हुबळीत एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. हा मुलूख ज्या वर्षी, म्हणजे १९५६ साली, म्हैसूर राज्यात गेला, त्याच वर्षीची गोष्ट. तिथल्या दुर्गदबैल बाजारातल्या एका दुकानात नागोजी गाडीवानाने मला टिचकी मारली, कान लावला आणि आपल्या बैलासाठी विकत घेतले. काही वर्षे मी ऐटीत फिरले. मग बैल म्हातारा होऊन मेला आणि मी अडगळीत पडले.

नागोजीची बायको नागुबाई. त्यांची थोरली श्यामला आणि धाकटा केदारी. केदारी मोठा होत गेला तसे त्याचे वेगळेपण दिसू लागले. तो बोलत जवळजवळ नसेच. कधी एका जागी डोलत बसे, कधी न दिसणाऱ्या कुणाशी भांडे, धरायला गेलेल्याला चावे आणि डोळा चुकवून निघून जाई. एकदा तो केलगेरीच्या तळ्यात, कमरेइतक्या पाण्यात सापडला. त्या दिवशी नागुबाईने मला चिंचेने घासले, कापडी पट्ट्यात ओवले आणि पोराच्या गळ्यात बांधले.

"बैल केलास की गं पोराचा!" शेजारची लक्कव्वा म्हणाली.

"होऊ दे बैल, अक्का. कुठं आहे ते ऐकू तर येईल."

तेव्हापासून भाकऱ्या थापताना, शेणी लावताना नागुबाईचा एक कान माझ्याकडे असे. मी थांबले की तिचा हात थांबे. केदारीलाही मी आवडले. भीती वाटली की तो मान हलवून मला वाजवी आणि हळूहळू शांत होई. गल्लीतली पोरे मात्र त्याला नंदीबैल ठरवून "बसवण्णा आला रे!" म्हणून त्याच्या तोंडात कडबा कोंबत. एकाने तर त्याला काथ्याची शेपटी बांधली. मोठी माणसे कट्ट्यावर बसून हसत. मित्रांनो, ती पोरे तुमच्याच वयाची होती.

"अप्पा, वेड्यांच्या दवाखान्यात एकदा दाखवू या की त्याला," श्यामला म्हणे. "तिथं डॉक्टर असतात."

"दाखवलं की गावभर होईल," नागोजी म्हणे. "वेड्याच्या बहिणीला कोण करून घेतंय? तुझं लग्न होऊ दे आधी."

एके दिवशी श्यामलाला बघायला अळणावरहून पाहुणे यायचे ठरले. त्या सकाळी नागुबाईने माझ्या पोटात चिंधी कोंबली, केदारीला गोठ्यात बसवले आणि दार ओढून घेतले. "गप बस हं, राजा. पाहुणे जाऊ देत."

केदारीने मान हलवली. मी वाजले नाही. त्याने पुन्हा हलवली, मग जोरजोरात हलवली. मी मुकी. तो घाबरला, दार ढकलून थेट पोहे खाणाऱ्या पाहुण्यांसमोर आला आणि त्याने आईचा पदर धरून मला तिच्यापुढे केले. मला वाजती कर, असे त्याला म्हणायचे होते.

"हे कोण हो?" मुलाच्या आईने, जयलक्ष्मीबाईंनी विचारले.

नागुबाईने श्यामलाकडे पाहिले.

"शेजारचं आहे," ती म्हणाली. "डोक्यानं कमी आहे. असंच घुसतंय घरात."

"मग हाकला की! अंगावर यायचं कुणाच्या तरी."

नागुबाईने कोपऱ्यातली काठी उचलली. तिने त्याला आजवर कधी मारले नव्हते. पहिला फटका हळूच बसला. केदारी पदर सोडेना.

"अव्वा," तो म्हणाला. आईला हाक मारायचा, नीट येणारा तेवढाच एक शब्द होता त्याच्याजवळ.

जयलक्ष्मीबाई हसल्या. "तुम्हालाच अव्वा म्हणतंय बघा!"

"सगळ्यांनाच म्हणतंय," नागुबाई म्हणाली, आणि दुसरा फटका तिने जोरात मारला.

लग्न ठरले.

चिंधी त्याच दिवशी निघाली. पण आता आई जवळ आली की केदारी मला मुठीत गच्च धरू लागला. तसाच तो एकदा घरातून निघाला आणि तळ्याकाठच्या झुडपात दडून बसला. नागुबाई त्याला हाका मारत अगदी समोरून गेली. मला ओरडायचे होते, पण मी त्याच्या मुठीत होते. दुसऱ्या दिवशी धुणे धुणाऱ्या बायकांनी त्याला घरी आणले तेव्हा तो तापाने फणफणत होता.

मग नागोजीने मला केदारीच्या गळ्यातून काढले आणि गोठ्यात त्याच्या पायाला दावे बांधले. बांधलेल्याला घंटी कशाला लागते? श्यामला माहेरी आली की अजून दवाखान्याचा विषय काढते. "आता तर गप्पच बस," नागोजी म्हणतो. "तुझ्या सासरी कळेल." श्यामलाला मुलगी झाली आहे. उद्या तिचेही लग्न व्हायचे आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असा भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांना लपवू देऊ नका. दवाखान्यात न्या, औषध द्या, आणि पाहुण्यांनी विचारले तर "हे आमचं" एवढे त्यांच्या तोंडावर सांगा. नागुबाईही आता ते सांगते. भाकरीची ताटली सरकवते आणि म्हणते, "माझाच आहेस रे तू, माझाच." केदारी भिंतीकडे तोंड करून बसतो. गोठ्यात ऐकायला मी असते आणि म्हैस असते.