पान्याच्या जागी टोपी

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, लगेच शाळेतला फळा डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यावर कोणी कधी गणित सोडवलं नाही आणि माझ्यासमोर कोणी अंगठे धरून उभं राहिलं नाही. मी हत्यारं टांगायचा फळा. माण गावात ज्योतीराम फिटरच्या घराला एक गॅरेज आहे, त्याच्या मागच्या भिंतीवर माझा मुक्काम असतो. त्या गॅरेजात गाडी मात्र नाही. गाडीसाठी बांधलेली जागा पान्यांनी आणि हातोड्यांनी बळकावली आणि स्कूटर बिचारी बाहेर उन्हात उभी असते, अशी तक्रार ज्योतीरामची बायको सुमनताई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे करते.

माझा जन्म परदेशातला. एका भल्यामोठ्या मशीनभोवती खोकं म्हणून मला ठोकलं आणि जहाजात चढवलं. आत अंधार होता. बाहेर समुद्र असावा, हे मी नुसत्या हेलकाव्यांवरून ताडलं. चाकणच्या कंपनीत मशीन उतरलं, त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि आम्हा फळ्यांना पहारीने उचकटून भंगारात फेकून दिलं. ज्याला एवढं जपून आणलं ते मशीन पुढे काय बनवतं, हे मला आजवर कळलेलं नाही. तसा मी चौकस आहे. जन्मभर भिंतीला पाठ लावून राहायचं, तर दुसरं करायचं तरी काय?

भंगारातून मला निवडलं ज्योतीरामने. तो मूळचा कळंबकडचा, पण चाकणला साचे बनवायच्या विभागात त्याची उमर गेली. आम्हा चार फळ्यांना त्याने रंधा मारला, मागून पट्ट्या ठोकून आमचा एक फळा केला आणि भिंतीवर चढवला. माझ्या अंगावर 'ही बाजू वर' सांगणारा बाण छापलेला होता. ज्योतीरामने मला नेमकं उलटं टांगलं, त्यामुळे तो बाण अजून जमिनीकडे बोट दाखवतो.

मग त्याने एकेक हत्यार माझ्यावर धरून भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या रेघा लाल ऑइलपेंटने पक्क्या केल्या. कंपनीत अशीच पद्धत असते म्हणे. पक्कड, कानस, छन्नी, पेचकस, प्रत्येकाची आकृती वेगळी. हत्यार काढलं की रेघ मागे उरते आणि काय गेलं आहे ते दारातूनच दिसतं. सगळ्यांत मोठी आकृती माझ्या मधोमध होती, ती पाइप पान्याची. तो पाना ज्योतीरामला त्याच्या पहिल्या मिस्त्रीने दिलेला होता. मुठीजवळ घासून घासून तो अगदी गुळगुळीत झाला होता.

माझं कौतुक फार झालं. शेजारपाजारचे बघायला यायचे. पलीकडच्या आबाजींचा नातू कुलदीप याने तर माझा फोटो काढून स्टेटसला ठेवला. कौतुक झालं की मागणं येतंच. ज्याला त्याला काहीतरी हवं असे, आणि नेलेलं हत्यार परत करायचं मात्र कोणाच्या लक्षात राहत नसे. तेव्हा ज्योतीरामने कंपनीतला आणखी एक नियम घरी आणला. तिथे हत्यारं देणाऱ्या खिडकीवर कामगार आपला पितळी बिल्ला ठेवतो आणि पाना नेतो. पाना परत दिला की बिल्ला परत. घरी बिल्ले कुठले? म्हणून नियम असा झाला, की हत्यार न्यायचं तर त्या जागी आपली एखादी वस्तू लावून जायचं.

मित्रांनो, ते दिवस माझ्या फार आवडीचे होते. कोणाची किल्ली लटकायची, कोणाचा गॉगल, कोणाची डब्याची पिशवी. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी उत्कर्षा हिंजवडीला कामाला जाते. तिने एकदा पेचकसाच्या जागी कंपनीचं ओळखपत्र लावलं. सकाळी कॅब दारात येऊन उभी राहिली आणि ओळखपत्राशिवाय आत सोडणार नाहीत हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ती एका हातात पेचकस आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन धावत आली. एखादी वस्तू टांगली गेली, की तिच्या मालकाचं घर कसं असेल, तो रागीट असेल की हसरा, याचे अंदाज बांधण्यात माझा दिवस जाई.

आणि मग श्रावणात एके सकाळी आबाजी आले.

आबाजी म्हणजे इथले जुने शेतकरी. बरीच जमीन आयटी पार्कात गेली, पण विहिरीकाठचा एक तुकडा त्यांनी राखला आहे. ज्योतीरामचं घर ज्या जागेवर उभं आहे ती जागाही त्यांनीच दिलेली. धोतर, बंडी आणि डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी, एवढ्यावर ते फाटकातून आत आले होते. ज्योतीराम त्यांच्याकडे पाठ करून ग्राइंडरवर छन्नीला धार लावत होता.

"ज्योतीराम, पाइप पाना नेतो रे. हिरीवरल्या मोटरीचा पाइप ढिला झालाय."

"न्या की आबाजी. त्या जागी काहीतरी लावून जावा तेवढं."

"काय लावू?"

"काही बी लावा. नियम सगळ्यांला एकच हाय बगा," ज्योतीराम मान न वळवता म्हणाला.

आबाजींनी बंडी चाचपली. हाताला काहीच लागलं नाही. "म्हंजी, न्हाई लावलं तर पाना घिऊन पळून जाईन व्हय म्या?" ते म्हणाले. ग्राइंडरच्या आवाजात ज्योतीरामला ते ऐकू गेलं नाही. मी मात्र ऐकलं. आबाजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पाना उतरवून त्याच्या जागी ती लावली, आणि बोडक्या डोक्याने ते निघून गेले.

ज्योतीराम वळला तेव्हा त्याला टोपी दिसली. तो शेतकऱ्याच्याच घरातला. म्हाताऱ्या माणसाची टोपी उतरवून घेणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तो फाटकापर्यंत धावला. आबाजी तोवर गल्लीच्या टोकाला पोचले होते आणि कॅबची वाट बघणारी माणसं त्यांच्या डोक्याकडे पाहत होती. संध्याकाळी पाना द्यायला येतील तेव्हा माफी मागू, असं म्हणत ज्योतीराम परत फिरला. तिथेच त्याचं चुकलं.

आबाजी त्या संध्याकाळी आले नाहीत, नंतरही आले नाहीत. टोपी माझ्यावर लटकत राहिली. तिला खोबरेल तेलाचा वास होता आणि घड्या कडक होत्या. मला तिच्याविषयी हजार प्रश्न होते. पाना कुठे अडकला? आबाजींकडे दुसरी टोपी नसेल का? बाहेरच्या बातम्या मला तुकड्यातुकड्याने मिळत. आबाजी देवळात बोडक्यानेच येतात, असं उत्कर्षाने एकदा सांगितलं. कपाटात टोप्यांची चळत आहे, पण ते एकीलाही हात लावत नाहीत, असं सुमनताईच्या कानावर आलं.

गणपतीनंतर कुलदीप आला. त्याच्या हातात कोरा करकरीत पाइप पाना होता. "आबांनी पाठवलाय, भाऊ," असं म्हणत त्याने टोपी बाजूच्या खिळ्यावर सरकवली आणि पाना माझ्या मधोमध टांगला. नवा पाना जुन्यापेक्षा चांगला वीतभर लांब होता. त्याची मूठ लाल रेघेबाहेर आली.

ज्योतीरामची नजर आधी रेघेवर गेली. आयुष्यभराची सवय ती. "हा आपला नव्हं," तो म्हणाला. "रेघेत बसंना."

"भाऊ, त्याच्यापेक्षा भारी आहे हा."

"भारी असंल रे. पण आपला कुठाय?"

त्याने ते नुसत्या काळजीने विचारलं होतं. जुन्या पान्यात त्याचा जीव होता, एवढंच. कुलदीपचे कान मात्र लाल झाले. "त्यांनी पाना ठेवून घेतला तरच टोपी आण, असं आबांनी सांगितलंय," असं म्हणून त्याने पाना काढला, टोपी पुन्हा होती तिथे लावली आणि तो चालता झाला. ज्योतीराम मागून हाका मारत राहिला.

खंडेनवमीला आमची पूजा असते. त्या दिवशी कोणतंही हत्यार चालवायचं नाही, सगळी पुसून तेल लावून आपापल्या जागी हवीत. सुमनताई हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली. कानशीला कुंकू लावलं, हातोडीला लावलं, आणि टोपीपाशी तिचं बोट थांबलं.

"ह्याला काय लावू?" तिने विचारलं.

ज्योतीराम तेलाच्या डबीचं झाकण लावत बसला.

"घर बांधताना त्यांच्याच हिरीचं पाणी आपल्या भिंतींवर मारलं. त्यांनी तवा काय ठेवून घेतलं होतं आपलं?"

त्या जागी कुंकू न लावताच ती पुढे गेली. मला तो दिवस आठवला की अजून वाईट वाटतं.

दिवाळी झाल्यावर शालनबाई आल्या. त्या आबाजींच्या पत्नी. गॅरेजात पालथ्या डब्यावर बसून त्यांनी आधी पदराने चेहरा पुसला.

"पाना हिरीत पडलाय," त्या म्हणाल्या. "मोटर आवळताना हातातनं निसटला. गळ टाकला, दोरीला लोहचुंबक बांधून सोडलं. गाळात पार बुडून गेलाय. त्यास्नी सांगायची लाज वाटती. म्हणून दुसरा धाडला, तर तुमी म्हणला रेघेत बसत न्हाई."

"काकू, मी तसं नव्हतो म्हणायलो..."

"आसंल. पर आता दिव्याचं लगीन तोंडावर आलंय." दिव्या म्हणजे कुलदीपची बहीण. "व्याही फेटा बांधाया पुढं येतील आन् ह्ये डोकं पुढं करायचे न्हाईत. म्हणत्यात, माझी टोपी अडकल्याली हाय, फेटा कुठल्या तोंडानं बांधून घिऊ? भर मांडवात फेटा नाकारला, तर व्याह्यांना वाटंल आमी त्यांचा मान ठिवला न्हाई. पोरीला जलमभर ऐकून घ्यावं लागंल."

"टोपी घेऊन जावा तुम्ही," सुमनताई म्हणाली.

"नेली तर घालत्याल व्हय? पाना दिल्याबिगर टोपी न्यायची न्हाई, ह्यो तुमचाच नेम हाय. त्यो त्यांनी तुमच्यापरीस जास्ती धरलाय."

शालनबाई गेल्यावर ज्योतीराम माझ्यासमोर आला आणि पान्याच्या रेघेवरून बोट फिरवू लागला. हा आता काय करणार, हे मला काही केल्या उमगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळी हत्यारं उतरवून जमिनीवर मांडली. मग माझे स्क्रू काढले. कुलदीपला बोलावून घेतलं, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ज्योतीराम, आणि मागून टोपी दोन्ही हातांवर घेतलेली सुमनताई, अशी आमची वरात निघाली. मित्रांनो, भिंतीवर चढल्यापासून मी पहिल्यांदाच बाहेर पडत होतो. केवढ्या उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. रस्त्यावर कॅबची रांग खोळंबली होती आणि आतली माणसं काचेतून माझ्याकडे बघत होती. आबाजींच्या घरामागची ती विहीरही मला दिसली. तिच्यात डोकवावंसं फार वाटलं, पण मला थेट ओट्यावर नेऊन आडवं ठेवलं.

आबाजी दारात आले. "काय चाललंय ह्ये?"

ज्योतीरामने पिशवीतून रंधा काढला. "जागा काढायलोय, आबाजी. पाना टांगायची जागाच राहिली नाही, तर कुणाचं कुणाकडं काय येणं राहिलं?"

आणि त्याने माझ्या मधोमध रंधा चालवायला सुरुवात केली. दुखलं का? दुखलं. ती माझ्या अंगावरची सगळ्यांत मोठी, सगळ्यांत देखणी आकृती होती आणि तिच्या लाल ढलप्या ओट्यावर पडत होत्या. रंधा अडकायला लागला, लाकडाचे तंतू उचकटायला लागले.

आबाजी बघत होते. त्यांना राहवलं नाही. "उलटा मारतोयस. फाटंल त्ये." ते ओट्यावर बसले आणि मी हलू नये म्हणून त्यांनी माझं एक टोक दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. ज्योतीरामने बाजू बदलली. दोघांनी मिळून शेवटची रेघही तासून काढली.

"त्या दिवशी मी मागं वळून बगायला पाहिजे होतं," ज्योतीराम म्हणाला.

"व्हय," आबाजी म्हणाले. "बगाया पायजे हुतं."

मग त्यांनी सुमनताईकडे हात पुढे केला. टोपी घेतली, तिच्यावर उडालेला भुसा झटकला आणि ती डोक्यावर नीट बसवली. शालनबाई चहा टाकायला आत वळल्या.

दिव्याच्या लग्नाला मला कोणी नेलं नाही, पण मांडवातून आलेल्या ज्योतीरामने सगळं सांगितलं. व्याही फेटा घेऊन उठले तेव्हा आबाजींनी टोपी काढून खिशात ठेवली आणि डोकं पुढे केलं.

आता माझ्यावर मधोमध एक फिकट, कोरी जागा आहे. बाकीच्या रेघा तशाच आहेत. बदल्यात वस्तू लावायचा नियम गेला आणि त्याबरोबर माझी करमणूकही गेली. मित्रांनो, तुमच्या घरातल्या हत्यारांना जागा द्या. ती पुसून, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवा, गंजू देऊ नका. पण मागायला जो आला आहे तो आपल्या दारात उभा असलेला माणूस आहे. आधी हातातलं काम थांबवा आणि त्याच्याकडे बघा.

परवा आबाजी पक्कड मागायला आले. ज्योतीराम ग्राइंडरवर होता. त्याने ग्राइंडर बंद केला, हात पुसले आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. दोघं बराच वेळ दिव्याच्या सासरविषयी बोलत बसले. निघताना आबाजी पक्कड घेऊन गेले. ती अजून आलेली नाही. येईल.