पाचपर्यंत डोळा थांबत नाही

दुपारी एक ते चार श्यामसुंदरकाकांना उठवायचं नाही. बत्तीस वर्षांचा नियम. नारायण पेठेतल्या त्यांच्या दारावर तशी पाटीच होती. एकदा घरात गॅस लीक झाला, तर पद्मजाकाकूंनी खिडक्या उघडल्या, पदराने वारा घातला, पण काकांना उठवलं नाही!

त्या दिवशी सव्वाएकला काकू साडीला फॉल लावत होत्या. सुईत दोरा ओवताना उजवा डोळा गेला. दुखलं नाही, खुपलं नाही. दिवा मालवावा तसा अंधार.

साडी न्यायला हमीदाभाभी आल्या होत्या. त्यांनी काकूंचा डावा डोळा तळहाताने झाकला. "मी दिसते?"

"तुम्ही आहात की गेलात, तेही कळत नाही हो."

"मग चला!"

"दुखत तर नाहीये. आपले डॉक्टर पाचला येतात."

"दुखत नाही म्हणूनच माणूस फसतो! आमच्या मिस्टरांचा डोळा असाच शनिवारी गेला, ते सोमवारपर्यंत थांबले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याची रक्तवाहिनी बंद पडली, हा डोळ्याचा स्ट्रोक. साडेचार तासांत आला असतात तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचा विचार तरी केला असता. आता हात धरून जिना उतरवते त्यांना."

आतून आवाज आला, "काय बाजार मांडलाय?"

"अहो, माझा डोळा गेलाय!"

"पाचला बघू. चष्मा बदल."

काकू पेटल्याच! "बत्तीस वर्षं तुमची झोप सांभाळली. आज डोळा सांभाळते. झोपा तुम्ही!"

भाभींनी फोन करून स्ट्रोकचे उपचार असलेलं हॉस्पिटल शोधलं. रिक्षा पोचली तेव्हा दोन वाजले होते. स्कॅन झाला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "खात्री देत नाही. रक्तस्रावाचा धोकाही आहे. पण वेळेत आलात, म्हणून हा पर्याय आहे."

"द्या इंजेक्शन."

"घरचं कोणी...?"

"डोळा माझा, सही माझी!"

चारनंतर भाभींना फोन करून काका धावत आले. पायात दोन वेगळ्या चपला. "अगं, मला उठवायचं तरी!"

"सांगितलं होतं. तुम्ही 'पाचला बघू' म्हणालात."

काकांनी त्या दोन चपला पलंगाखाली सरकवल्या.

तिसऱ्या दिवशी काकूंना त्या डोळ्याने समोरची बोटं मोजता आली. सगळं नाही परतलं. जेवढं परतलं, ते भांडून परतलं. घरी पोचल्या तर दारावर पाटी नव्हती, नुसती स्क्रूची भोकं. स्क्रू-ड्रायव्हर काकांच्याच हातात होता.

मंडळी, एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं तर थेंब घालत बसू नका, पाचची वाट बघू नका. दुखत नसलं तरी तडक स्ट्रोकचे उपचार होतात तिथे जा. आणि घरात कुणी झोपलं असेल, तर झोपू द्या. परवानगी मागायला थांबू नका!