हरलेल्याने मांडायच्या सोंगट्या

राजरत्नची शेवटची पांढरी सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी उभी होती. फुंकर मारली असती तरी आत पडली असती. त्याने स्ट्रायकर लावला, कालिंदीकडे ओझरतं पाहिलं, आणि स्ट्रायकर सोंगटीच्या बाजूने निघून कडेला आपटला.

मग नानांनी आपली शेवटची काळी घेतली. गेम नानांचा.

"तुमच्यापुढे कोणाचं चालतंय, नाना," म्हणत राजरत्न सोंगट्या मांडायला लागला. भोईवाड्यातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी कॅरम खेळायला कोणीही यावं, असं कालिंदीनेच सुरू केलं होतं. नियम एकच. हरलेल्याने पुढच्या गेमच्या सोंगट्या मांडायच्या. नानांवर ती वेळ दोन महिन्यांत आली नव्हती.

कशी येणार? दोन महिन्यांपूर्वी आकांक्षाकडून हरल्यावर याच नानांनी पावडरचा डबा भिरकावला होता. तिच्या कानाजवळून जाऊन तो भिंतीवर फुटला. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून येणारी ती मुलगी सरळ म्हणाली, हे येणार असतील तर मी येत नाही. तिचं काय चुकलं? पण चाळीच्या गॅलरीत आठ वर्षांच्या कालिंदीला स्ट्रायकर धरायला नानांनीच शिकवलं होतं, आणि बायको गेल्यापासून रविवार सोडला तर ते जिना उतरत नव्हते. त्यांना येऊ नका म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने आकांक्षाच्या हातापाया पडून तिला थांबवलं आणि नाना सोडून सगळ्यांना मेसेज टाकला: नानांना जिंकू द्या, कळू देऊ नका. तेव्हापासून हॉलमध्ये कोणाचा आवाज चढला नव्हता. काय डोकं चालवलं आपण, असं कालिंदीला मनातून वाटायचं.

राजरत्नचं मांडून व्हायच्या आत नानांनी बोर्डाची कड धरली आणि तो उलटा केला. सोंगट्या पुस्तकांच्या कपाटाखाली गेल्या. आकांक्षा उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

"अहो, जिंकलात ना तुम्ही?" राजरत्न म्हणाला.

"आंधळा समजतोस मला? आठ रविवार झाले, एकदा हरलो नाही. ह्या वयात? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी?" नानांना धाप लागली. "कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

सगळे कालिंदीकडे बघायला लागले.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही रागावता म्हणून."

"मग हाकलायचं होतंस. लहान पोरासारखं खेळवत बसलीस मला."

कालिंदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ओढणीने तोंड पुसलं.

"माझं चुकलं, नाना. पण तुमचंही चुकलंय. आधी ते सगळं उचला. आकांक्षाला सॉरी म्हणा. मग बसा माझ्यासमोर."

त्यांच्याशी ती अशी कधी बोलली नव्हती. नाना गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बोर्ड सरळ केला, फूटपट्टीने कपाटाखालच्या सोंगट्या एकेक ओढून काढल्या. दाराशी जाऊन पुटपुटले, "डबा मारायला नको होता पोरी." आकांक्षाने मान हलवली. ती आत आली, पण बसली लांबच्या खुर्चीवर.

कालिंदीने गय केली नाही. राणी घेतली, कव्हरही लगेच घेतलं. नानांनी शिकवलेली पकड नानांवरच चालवली. तिची शेवटची सोंगटी गेली तेव्हा नानांच्या सहा बोर्डावर होत्या.

नानांचे कान लाल झाले. गळ्याची शीर तटतटली. त्यांचा हात पावडरच्या नव्या डब्याकडे गेला आणि लांबच्या खुर्चीचा आवाज झाला. कालिंदी जागची हलली नाही.

नानांनी झाकण उघडलं. चिमूटभर पावडर बोर्डावर टाकली, तळव्याने सारखी केली. राणी मधोमध ठेवली आणि तिच्याभोवती एक काळी, एक पांढरी लावायला घेतली. लावलेल्या सोंगट्या पुन्हा पुन्हा सरकत होत्या. न राहवून राजरत्नने हात पुढे केला.

"हात काढ," नाना म्हणाले. "मी हरलोय."